डेंड्रिटिक पेशी आणि टी पेशी यांच्यातील देवाणघेवाण मोजताना: माझा अनुभव

डेंड्रिटिक पेशी ही रोगप्रतिकारक पेशी प्रतिजन (शरीराला परका वाटणारा रेणू) दाखवून टी पेशी या दुसऱ्या प्रतिकारक पेशीला सक्रिय करते, हे पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकवले जाते. परंतु टी पेशीही तिला तितकेच सक्रिय करते, हे मला पीएच.डी.च्या कामात स्वतःच्या हाताने मोजून पाहायचे होते.

रक्तातून वेगळ्या केलेल्या मोनोसाइट पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ या संकेत-रेणूंच्या सान्निध्यात पाच-सहा दिवस वाढवल्या की त्यांच्यापासून अपक्व डेंड्रिटिक पेशी तयार होतात. ही पद्धत १९९४ पासून रूढ असल्यामुळे हा टप्पा फारसा जड गेला नाही. खरी काळजी होती ती प्रतिजन म्हणून वापरायच्या धनुर्वाताच्या टॉक्सॉइडची, म्हणजे निर्विष केलेल्या जिवाणू-विषाची. त्यात एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाचा, अंश जरी असता, तरी डेंड्रिटिक पेशी त्यानेच चेतवल्या गेल्या असत्या आणि टी पेशींचा वाटा वेगळा काढता आला नसता. त्यामुळे एंडोटॉक्सिनची चाचणी झाल्याखेरीज मी पुढे गेले नाही.

मग त्याच रक्तदात्याच्या सीडी४ टी पेशी (मदतनीस टी पेशी) सोबत ठेवल्या आणि विहिरींमधील, म्हणजे प्लेटच्या छोट्या खळग्यांमधील, द्रव काढून त्यातला आयएल-१२ हा सक्रिय डेंड्रिटिक पेशींचा संकेत-रेणू मोजण्यासाठी एलायझा ही प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी केली. त्यासाठी आयएल-१२ च्या पूर्ण रेणूला, म्हणजे पी७० ला, ओळखणारी प्रतिपिंडे निवडावी लागतात, कारण पी४० हा त्याचा एक घटक पेशी कितीतरी अधिक प्रमाणात सोडतात आणि केवळ तो मोजल्यास आकडा फसवा येतो. शेवटी आम्ल घातल्यावर रंग जितका गडद पिवळा, तितका आयएल-१२ जास्त. टॉक्सॉइडसह एकट्या डेंड्रिटिक पेशींच्या विहिरी जवळजवळ रंगहीनच राहिल्या. टी पेशी सोबत असलेल्या विहिरी मात्र गडद पिवळ्या झाल्या. टी पेशी आयएल-१२ बनवत नाहीत, तेव्हा तो डेंड्रिटिक पेशींनीच सोडला होता, पण टी पेशींच्या सांगण्यावरून. सीडी४० लिगँड (टी पेशीवरचे, डेंड्रिटिक पेशीला संकेत देणारे प्रथिन) रोखणारे प्रतिपिंड घातलेल्या विहिरींत तोच पिवळा रंग फिकट पडला. इंटरफेरॉन-गॅमा हा दुसरा संकेत-रेणू अडवल्यावरही आयएल-१२ घटला. आयएल-१२ मुळे टी पेशीतील स्टॅट४ हे प्रथिन कार्यान्वित होऊन इंटरफेरॉन-गॅमा वाढतो आणि तो परत डेंड्रिटिक पेशीची आयएल-१२ बनवण्याची क्षमता वाढवतो, असे हे चक्र आहे. प्रतिजन ओळखल्यावर टी पेशीच्या पृष्ठभागावर येणारा सीडी४० लिगँड त्याला चालना देतो. माझ्या मते पाठ्यपुस्तकांतील एकाच दिशेचा बाण त्यामुळे अपुरा ठरतो.

इंटरफेरॉन-गॅमा नेमका कोणत्या पेशींतून आला, हे मात्र द्रव मोजून कळत नाही. म्हणून पुढच्या फेरीत ब्रेफेल्डिन-ए हे प्रथिनांना पेशीबाहेर जाण्यापासून रोखणारे रसायन वापरून सायटोकाइन, म्हणजे हे संकेत-रेणू, पेशींतच अडवले आणि फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर सीडी४ पेशींमधील इंटरफेरॉन-गॅमा स्वतंत्रपणे तपासला.