१९७५ साली फॅसिस्ट नेमकं कोण होतं?

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्यांपैकी दोघांचं पन्नास वर्षं एका शब्दावरून जुळलेलं नाही. एक कॉम्रेड काका, वागळे इस्टेटमध्ये लाल बावट्याचं काम केलेले. दुसरे गुरुजी, समाजवादी, राष्ट्र सेवादलाचे, आणीबाणीत येरवड्याला राहून आलेले. गंमत म्हणजे १९७५ साली दोघंही फॅसिझमशीच लढत होते. गुरुजींच्या लेखी फॅसिस्ट म्हणजे इंदिराबाई. काकांच्या भाकपच्या लेखी जेपींचं आंदोलन. म्हणून तर पक्ष आणीबाणीच्या बाजूने उभा राहिला. पुढे १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात आपलं चुकलं, असं पक्षाने मान्य केलं. काकांनी अजून केलेलं नाही.

काकांची व्याख्या तोंडपाठ आहे. १९३५ साली कॉमिन्टर्नच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या संघटनेच्या, व्यासपीठावरून बल्गेरियन कम्युनिस्ट दिमित्रोव्हने मांडलेली: वित्त भांडवलातल्या (बँका-बड्या उद्योगांच्या) सर्वांत प्रतिगामी गटांची उघड दहशतवादी हुकूमशाही. ऐकायला भक्कम वाटते. पण त्याआधी काही वर्षं हेच कॉमिन्टर्न जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅट्सना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणत होतं, आणि तेही हिटलर दारात उभा असताना. मी हे काढलं की काका म्हणतात, “गुरुजींची शिकवणी लावलीस वाटतं!”

गुरुजींचं दुसरं टोक. त्यांच्या यादीत स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आहे, पोर्तुगालचा सालाझार आहे आणि गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी करणारे त्यांच्या सोसायटीचे चेअरमनही आहेत.

मला विचाराल तर दोघंही व्याख्येपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ज्यांनी हे नाव स्वतः लावून घेतलं, त्यांनाच व्याख्येची घाई नव्हती. मुळात इटालियन ‘फॅशो’ म्हणजे मोळी, त्यावरून गट, संघटना. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं त्या १८९३ साली सिसिलीत याच नावाच्या संघटना जोरात होत्या. शेतमजुरांच्या, गंधकाच्या खाणीतल्या कामगारांच्या. पुढच्याच वर्षी पंतप्रधान क्रिस्पीने सैन्य धाडून त्या मोडल्या. म्हणजे तेव्हा हे नाव चक्क डाव्यांचं! झीव्ह स्टर्नहेल हा इतिहासकार तर फॅसिस्ट विचाराचं मूळ इटलीत नाही, फ्रान्समध्ये शोधतो.

२३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये मुसोलिनीने याच नावाची आपली संघटना काढली तेव्हा तो समाजवादी दैनिकाचा माजी संपादक होता. त्या वर्षीचा जाहीरनामा वाचला तर काकासुद्धा सही करतील: आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मताधिकार, युद्धातल्या नफ्यातले ८५ टक्के सरकारजमा. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मिलानमध्ये पाच हजार मतंही पडली नाहीत. ‘फॅसिझम मुळात डावाच’ असं सांगणारे फॉरवर्ड येतात ना, ते इथे थांबतात. पुढचं पान उलटत नाहीत.

पुढच्या पानावर पो नदीचं खोरं आहे. १९२० च्या अखेरीपासून बडे जमीनदार पैसा पुरवतात, मुसोलिनीचे काळे शर्टवाले ट्रकमधून रात्री गावात उतरतात, कामगार संघटनेची कचेरी पेटवतात. पुढाऱ्याला घराबाहेर ओढून सोट्याने बडवतात आणि बळजबरीने एरंडेल पाजतात. आपल्याकडे आजी रविवारी सकाळी नाक दाबून चमचाभर पाजायची, तेच एरंडेल. इथे मात्र बाटली. मारहाणीच्या जोडीला माणसाची चारचौघांत शोभा व्हावी, हा हिशेब. तत्त्वज्ञान बऱ्याच उशिरा आलं, १९३२ साली, इटालियन विश्वकोशातल्या नोंदीतून. नाव मुसोलिनीचं, पण त्यातला तात्त्विक भाग बराचसा तत्त्वज्ञ जेंटिलेने लिहिलेला. तोवर सत्तेत येऊन दहा वर्षं होत आली होती!

म्हणून रॉबर्ट पॅक्स्टन हा अमेरिकन इतिहासकार मला पटतो. तो म्हणतो, ते काय बोलले त्यापेक्षा काय करत गेले आणि कोणाला सोबत घेत गेले, ते बघा. या मापाने आणीबाणी मला फॅसिझम वाटत नाही. तुरुंग होते, सेन्सॉर होता, पण रस्त्यावर काळे शर्ट नव्हते, आणि १९७७ ला निवडणूक घेऊन बाई हरल्या. हे ऐकल्यावर गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेपींचं आंदोलन तर या मापात त्याहून बसत नाही, हे सांगितल्यावर काकाही गप्प झाले.

पण काकांनी नंतर एक शंका काढली, आणि ती बिनतोड आहे. “अगं, करणी बघत बसलो तर ओळख पटेपर्यंत उशीर झालेला असेल. मग त्या मापाचा उपयोग काय?”

माझं उत्तर एवढंच, की इटलीत करणी लपलेली नव्हती. नोव्हेंबर १९२० मध्ये बोलोन्याच्या नगरपालिकेवर फॅसिस्टांनी हल्ला केला, भर दिवसा माणसं मेली. तरी मे १९२१ च्या निवडणुकीत उदारमतवादी पंतप्रधान जिओलित्तीने समाजवाद्यांना शह द्यायला म्हणून फॅसिस्टांना आपल्या आघाडीत घेतलं आणि मुसोलिनीसकट ३५ जण संसदेत पोचले. जिओलित्तीला वाटलं होतं, खुर्ची मिळाली की पोरं निवळतील.