उताणे पंजे

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी लाइट गेली की पंख्याच्या आधी आवाज जातो. दिवसभर कानावर आदळून आदळून जी ऐकूच येईनाशी झालेली असते, ती यंत्रमागांची खटखट एकदम थांबते आणि गल्लीतलं बारीकसारीक सगळं उघडं पडतं. कुणाच्या तरी घरात शेंगा कुटताहेत. कुणी भांडी पालथी घालतंय. आणि मे महिन्याच्या त्या रणरणत्या शांततेत, ॲम्प (आवाज मोठा करणारा खोका) बंद पडल्यामुळं नुसत्या लाकडावर वाजणाऱ्या बेस गिटारमधून दर दुसऱ्या सुराला एक ‘टिक्’ येतोय.

टिक् म्हणजे नख. मधल्या बोटाचं. नेहमी मधल्याच बोटाचं असतं.

ॲम्प चालू असताना हा टिक् घुमाऱ्यात बुडून जातो असं वाजवणाऱ्याला वाटतं. बुडत नाही. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नंतर इअरफोनवर ऐकलं की तो बरोबर वर येऊन बसलेला असतो, आणि एकदा ऐकू आला की मग गाणं राहतं बाजूला, तोच ऐकू येत राहतो. लाइट गेलेली असताना सराव करावा तो यासाठी. खोटं बोलायला ॲम्प शिल्लक राहत नाही.

मधलंच बोट का, तर ते लांब आहे म्हणून. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीनं चालवायच्या असतात. पंजा तारांना काटकोनात सरळ ठेवला तर तर्जनी जेमतेम पोचते तिथं मध्यमा खोल घुसलेली असते. खोल घुसली की बोटाच्या शेंड्याच्या मऊ गादीऐवजी नखाची कड तारेला भिडते. त्यात नखांच्या वाढीचाही पक्षपात आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दिवसाला ०.१ धरा. पण लांब बोटांची नखं करंगळीपेक्षा लवकर वाढतात, कामाच्या हाताची किंचित जास्त, आणि उन्हाळ्यात आणखी. मे महिन्यात उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एकाच वेळी तीन आरोप असतात.

उपाय दोन. एक, पंजा करंगळीच्या बाजूला थोडा कलता ठेवायचा आणि मध्यमा पेरात जरा जास्त वाकवायची, म्हणजे दोन्ही बोटांच्या गाद्या तारेवर एका रेषेत येतात. मनगट मात्र वाकवायचं नाही. मनगट मोडून बोटं सारखी करणारे तासाभरात हात झटकायला लागतात. दुसरा उपाय नेलकटर.

छेडणं हा शब्द छान आहे, पण बेसला तो जरा लागट पडतो. इथं तारेला ओढायचंही नसतं आणि उचलायचंही नसतं. बोटाची गादी तारेवर टेकते. तार गादीत थोडी रुतते, तिचा वळ उमटतो. मग बोट तारेला आत, लाकडाच्या दिशेनं दाबत तिच्यावरनं पुढं निसटतं आणि पलीकडच्या जाड तारेवर जाऊन थांबतं. बेसच्या चार तारा, जाडीपासून पातळीकडं ई, ए, डी, जी. ए तारेवरनं निघालेलं बोट ई तारेवर विसावलं पाहिजे. हवेत वर आलं की चुकलं. विसावण्यात दोन कामं होतात, बोटाला थांबायला जागा मिळते आणि ई तार आपोआप गप्प बसते. आता या सगळ्यात नख वाढलेलं असेल तर काय होतं? गादी सुटते न सुटते तोच नखाची कड तारेला दुसऱ्यांदा धरते. एका सुराला दोन सुटका, पहिली मऊ आणि दुसरी कडक. तर्जनी ‘दुम्’ म्हणते, मध्यमा ‘टुम्’. चाल लंगडी होते. मागाचा धोटा एका बाजूनं जोरात आणि दुसऱ्या बाजूनं मऊ फेकला जायला लागला की आतल्या खोलीत जेवायला बसलेल्या माणसालाही न बघता कळतं, तसंच हे.

मग नख किती असावं? आकडा विचारणाऱ्याला आकडा देऊ नये. नख गादीच्या हिशेबात मोजायचं असतं, आणि गादी ज्याची त्याची.

शाळेत प्रार्थनेनंतर नखं तपासायचे. पंजे पालथे करून पुढं धरायचे, बाई रांगेतनं येणार, हातात लाकडी पट्टी. ज्यांची वाढलेली असायची ती पोरं आयत्या वेळी दातानं कुरतडायची. पण प्रतिज्ञेला उजवा हात पुढं धरलेला असायचा, त्यामुळं कुरतडायला सापडायचा तो डावा. म्हणून डाव्या हाताची नखं साफ आणि उजव्याची जशीच्या तशी, आणि पट्टीही उजव्यावरच. त्या पोरांना कुणी सांगितलं नाही की बेस वाजवायला त्यांचा डावा हात अगदी तयार आहे.

कारण डाव्या हाताला सवलत नाहीच. डावं बोट तारेवर शेंड्यानं उभं राहतं. नख पुढं असेल तर तारांखालच्या, मानेवरच्या पट्टीच्या लाकडाला आधी नख टेकतं, तार अर्धवट दबते, सूर खरखरतो. वर्षानुवर्षं असंच चाललं की शिसवीच्या पट्टीवर तारेखाली बारीक खाचा पडतात. पडद्यांविना (मानेवरच्या धातूच्या आडव्या काड्यांविना) असलेल्या बेसवर तर पहिल्याच महिन्यात ओरखडे दिसतात.

तर बाईंची तपासणी उलटी करायची. पंजे पालथे नाही, उताणे. बोटं डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि गादीच्या बाजूनं बघायचं. गादीच्या वर नखाची पांढरी कड डोकावली की ते जास्त झालं. खात्री करायची असेल तर बोट सरळ उभं धरून स्टीलच्या ताटावर हलकेच टेकवायचं. ‘टिक्’ वाजलं तर कापा, ‘थप्’ वाजलं तर राहू द्या. डाव्या हाताला हीच परीक्षा, फक्त बोट थोडं पुढं झुकवूनसुद्धा ‘थप्’च यायला हवं.

पण म्हणून पार मुळापर्यंतही कापायचं नाही. नख जिव्हाळीला लागलं की गादीमागचा आधारच जातो. नेहमीच्या संचातली ई तार ०.१०५ इंचाची, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या जवळ जाते, वर पोलादी वेढे. उघड्या पडलेल्या जिव्हाळीवर ती तीन तास घासली की जिव्हाळ्याचा विषय नको वाटायला लागतो. कापताना बोटाच्या गोलाईला धरून कापायचं, कोपरे आत खणायचे नाहीत, कड नेल फाइलनं एकाच दिशेनं घासायची. पुढंमागं करवतीसारखं घासलं की नखाचे पापुद्रे सुटतात, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ते सुटायला निमित्तच शोधत असतात. आंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा कापावं, घासावं मात्र वाळल्यावर.

कार्यक्रमाच्या दिवशी कापू नये. ताजी कड धारदार असते आणि गादी हळवी. तीन-चार दिवस आधी कापलेलं उत्तम. पण इथं दुसरीच अडचण येते. सोमवार सिद्धेश्वराचा. मंगळवार तुळजापूरच्या देवीचा. गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा. शुक्रवारी लक्ष्मी जाते, शनिवारचं तर नावच काढू नका. तिन्हीसांजेनंतर कुठल्याच वारी नाही. घरात आज्जी असेल तर अमावस्या वेगळी. राहिले बुधवार आणि रविवार. लग्नं, वास्तुशांती, चर्चची उपासना, सगळं रविवारी. तेव्हा बुधवार. बुधवारी कापलेलं नख रविवारी ०.४ मिलिमीटर वाढलेलं असतं, कड बोथट झालेली, गादी भरलेली, उताण्या पंजात नखाचा नुसता संशय. म्हणजे आज्जीच्या पंचांगात बेसवाल्याची सोय आधीपासूनच होती, हौ की.

नख ठेवून वाजवणारेही असतात. आवाजाला धार येते हे खरं. पण वेढ्यांची पोलादी तार म्हणजे कानसच. पहिल्या गाण्याला असलेलं नख शेवटच्या गाण्याला राहत नाही, आणि दोन बोटांची झीज सारखी होत नाही. क्लासिकल गिटारवाल्यांची नखं टिकतात कारण त्यांच्या तारा नायलॉनच्या. बेसला धार हवीच असेल तर सरळ पिक घ्यावं. आपल्याकडं सतारीला नखी असतेच की, तिला कुणी नाकं मुरडत नाही.

खरं तर कुठल्या वाद्याला काय चालतं याचा काही नेमच नाही. सरोदवाले डाव्या हाताचं नख मुद्दाम राखतात, पोलादी पट्टीवर तार नखानं दाबून घसरत नेली की मींड स्वच्छ येते. सारंगीवाले तर नखाच्या मुळाशी, कातडी सुरू होते तिथं तारेला टेकवतात, तिथं घट्टे पडलेले असतात. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांनाही नख कामाचंच, विडीचं तोंड दुमडायला. आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरवरनं मिरजेला उतरलात तर तंबोऱ्यांच्या दुकानात नखाचं नावही नाही. तंबोऱ्याची पहिली तार मध्यमेनं, उरलेल्या तीन तर्जनीनं, आणि सगळं गादीनं. बोट तारेवरनं आडवं निसटू द्यायचं. नख लागलं तर गवई मागं वळून बघतो. बेसवाल्याचं खरं गोत्र हे. पुढं बसणाऱ्या सोलो गिटारशी त्याचं नातं नुसतं आकाराचं, मागं बसणाऱ्या तंबोऱ्याशी बोटाचं.

गंमत म्हणजे सुरुवातीला बोटांचा हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्याची पहिली प्रिसिजन बेस १९५१ साली आली, तेव्हा तिच्यावर बोटं टेकवायला खालच्या बाजूला, पातळ तारेपलीकडं एक छोटी पट्टी होती. चार बोटं त्या पट्टीला धरायची आणि तार अंगठ्यानं वाजवायची, अशी कल्पना. वाजवणाऱ्यांनी ऐकलं नाही. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला बेसवाला जेम्स जेमरसन उजव्या हाताची एकटी तर्जनी चालवायचा, तिला ‘हुक’ म्हणत. त्यात एक शहाणपण आहे: दुसरं बोटच नाही म्हटल्यावर लंगडं वाजणार कसं? तारा त्याच्या चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत, म्हणजे नख घासलं तरी खरवडल्याचा आवाज कमी. आणि त्या तुटेपर्यंत तो बदलायचा नाही म्हणतात. आपण दोन बोटं वापरतो, नवीन खरबरीत तारा लावतो आणि मग नखाला दोष देतो.

दोष दरवेळी नखाचा नसतोही. ‘टिक्’ सुराच्या आधी आला तर नख. ‘चट्ट’ सुराबरोबर आला आणि मागं रेंगाळला तर तार पडद्यांवर आपटतेय, म्हणजे बोट जोरात पडतंय किंवा तार फार खाली बसवलीय. बाराव्या पडद्यापाशी ई तारेखाली दोन-अडीच मिलिमीटर अंतर असलं की पुरे. त्यातूनही चट्ट येत असेल तर हात हलका करा आणि ॲम्प वाढवा. जोरात ओढलेली तार सुरुवातीला चढीच बोलते, मग खाली येते, आणि गाणारा बिचारा आपलाच सूर लागत नाही असं समजतो.

अंगठ्याचंही बघायला हवं. तो पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या ठोकळ्यावर) रोवून बसवतात आणि तिथंच विसरतात. ई तार वाजवेपर्यंत ठीक. डी तारेकडं सरकलात की अंगठाही ई तारेवर यायला हवा, जी तारेकडं गेलात की ए तारेवर, नाही तर रिकाम्या जाड तारा मागं घूं घूं करत राहतात आणि मांडवात सगळ्यांना वाटतं जनरेटर बिघडला. बोटं घोडीजवळ वाजवली तर आवाज आखूड, कडक, नख असेल तर तिथं ते सर्वांत जास्त चुगली करतं. मानेकडं गेलं की आवाज गोल होतो आणि तार जास्त हेलकावते. अंगठ्यानं ठोकून आणि तर्जनीनं खालून हिसडून वाजवणाऱ्यांनी तर तर्जनीच्या नखाचा मोहच सोडावा. अमेरिकी बेसवाला लॅरी ग्रॅहमनं ते सुरू केलं, कारण आईबरोबर वाजवताना सोबत ड्रमवाला नव्हता. तार हिसडताना वाढलेलं नख अडकलं तर उलटतं. हे वाचतानाही बोटं मुठीत गेली असतील.

आणि एक, शेंगाचटणी. कडक भाकरी आणि चटणी खाऊन नुसते हात पुसून बेसला लागू नका. तेल वेढ्यांच्या फटीत जाऊन बसतं आणि आठवडाभरात तारा ठप्प बोलायला लागतात. हात साबणानं धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे (भिजून मऊ झालेल्या गादीला लगेच फोड येतो), वाजवून झालं की जुन्या टॉवेलच्या तुकड्यानं तारा खालनंवरनं पुसायच्या. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. फारच मेलेल्या तारा काढून पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळल्या तर थोडे दिवस जीव धरतात. पातेलं कुठलं घेतलं ते घरात सांगू नये.

तर तो दर दुसऱ्या सुराचा टिक्. आज मंगळवार. कापता येणार नाही. पण आज्जीच्या सगळ्या नियमांत कापण्याचाच उल्लेख आहे, घासण्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. फाइल ड्रॉवरमध्ये सापडली, मधल्या बोटावर एकाच दिशेनं पाच-सहा वेळा फिरली, ताटावर बोट टेकवायला उचललं, आणि लाइट आली. गल्लीभर माग सुरू झाले. आता टिक् की थप्, काही ऐकू येईना.