वुप्पर्टालचे फ्री जॅझवाले आणि त्यांची जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग्ज

जर्मनीतलं आमचं वुप्पर्टाल बाहेरच्या लोकांना माहीत असलंच तर नदीवरून लटकत धावणाऱ्या ट्रेनमुळे, ती 1901 पासून चालू आहे. पण युरोपियन फ्री जॅझची, म्हणजे ठरलेल्या सुरा-तालात न अडकणाऱ्या जॅझची, दोन मोठी माणसं याच गावची, सॅक्सोफोनवाला पीटर ब्रोट्झमान आणि डबल बासवाला पीटर कोवाल्ड. ब्रोट्झमान इथे आर्ट शिकायला आला आणि 2023 मध्ये जाईपर्यंत इथलाच होऊन राहिला. कोवाल्ड 2002 मध्येच गेला, पण लुइझेनस्ट्रासेवरची त्याची 'ओर्ट' नावाची जागा अजून चालू आहे, तिथे कॉन्सर्ट होतात आणि वाजवणारा अगदी हाताच्या अंतरावर असतो.

मला या संगीताची गोडी लागली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षकांमुळे. त्यांच्याकडे भिंतभर एलपी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा लाइव्ह. एका रविवारी त्यांनी कॉफीला बोलावलं आणि म्हणाले, आज एकच गोष्ट दोनदा ऐकवतो.

ती गोष्ट म्हणजे ब्रोट्झमानची 'मशीन गन' ही रचना. साल 1968, व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, युरोपभर विद्यार्थी रस्त्यावर. मे महिन्यात ब्रेमेनच्या 'लीला ऑयले' नावाच्या क्लबात आठ जणांनी हे रेकॉर्ड केलं, कुठल्या कंपनीसाठी नाही, ब्रोट्झमानने स्वतःच 300 कॉपी काढल्या. त्या पहिल्या कॉपी आता दुर्मिळ झाल्यात. पण त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये, फ्रँकफर्टच्या जॅझ फेस्टिव्हलमध्ये हेच लाइव्ह वाजलं होतं, तिथे गेर्ड डुडेक हा चौथा सॅक्सोफोन जास्तीचा होता, आणि ते रेकॉर्डिंग लोकांच्या हातात पडायला 2001 उजाडलं. शिकागोचा जॉन कॉर्बेट असली विस्मरणात गेलेली टेप्स शोधून सीडीवर काढत होता, त्याच्यामुळे हे बाहेर आलं.

काकांनी (मी त्यांना मनात काकाच म्हणते, तोंडावर मात्र जर्मन पद्धतीने 'हेर', म्हणजे श्रीयुत, अमुक-तमुक) आधी फ्रँकफर्ट लावलं. सुरुवातीलाच सगळे सॅक्सोफोन एकदम अंगावर येतात, एकच सूर तुकड्यातुकड्यांत, धडधड धडधड, मागे ड्रम्सवर हान बेनिंक आणि स्वेन-ओके योहान्सन दोघं, आणि पहिली पाच मिनिटं मला वाटत होतं की खिडकी तरी उघडावी. मग ब्रेमेनचं लावलं. आणि दुसऱ्यांदा ऐकताना कळायला लागलं की अरे, ती सुरुवातीची धडधड तशीच्या तशी इथेही आहे, एकजण सोलो घेतो तेव्हा बाकीचे मागून ठरलेल्या जागी टोचतात, आणि शेवटाकडे एक रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा, येतो, चक्क नाचायला लावणारा, जुन्या रिदम अँड ब्लूज बँडसारखा, तो दोन्हीकडे आहे. म्हणजे सांगाडा पक्का ठरलेला आणि आतलं सगळं त्या दिवसाचं. हे मला एका रेकॉर्डिंगवरून कधीच कळलं नसतं. जे लोक फ्री जॅझ म्हणजे वाट्टेल ते वाजवणं असं म्हणतात त्यांना मी आता हेच सांगते, दोन्ही रेकॉर्डिंग्ज ऐका आणि मग बोला.

आमच्या बाबांकडे कुमारजींच्या खाजगी मैफलींच्या कॅसेटी होत्या, कुणीतरी कॉपी करून दिलेल्या, त्यात तबला लावण्यापासून सगळं यायचं, खोकला, 'क्या बात है', मध्येच चहाचे कप. बाबा म्हणायचे एचएमव्हीच्या रेकॉर्डपेक्षा मला हे जवळचं. मी ते इथे येऊन समजले.

इथली टेप्स टिकली यामागे एका माणसाची अफाट मेहनत आहे, योस्ट गेबर्स. 1968 च्या नोव्हेंबरात पश्चिम बर्लिनच्या मोठ्या, सरकारी पैशाच्या जॅझ फेस्टिव्हलला समांतर म्हणून या मंडळींनी आपलं 'टोटल म्युझिक मीटिंग' भरवलं, ब्रोट्झमानचं त्या मोठ्या फेस्टिव्हलशी कपड्यांवरून फिसकटलं होतं, सगळ्यांनी काळे सूट घालायचे म्हणे. पुढच्या वर्षी एफएमपी (फ्री म्युझिक प्रॉडक्शन) हे रेकॉर्ड लेबल निघालं आणि गेबर्स कॉन्सर्ट भरवायचा, रेकॉर्ड करायचा आणि एलपी काढायचा, हे वर्षानुवर्षं. 1988 मध्ये अमेरिकन पियानिस्ट सेसिल टेलर बर्लिनला येऊन महिनाभर वेगवेगळ्या युरोपियन लोकांबरोबर वाजवत होता, त्याचा 11 सीडींचा बॉक्स निघाला. कोण काढतं असं? विकलं किती जाणार हा विचार केला असता तर यातलं काहीच आज आपल्या कानावर पडलं नसतं, आणि मला हे आठवलं की खरंच भरून येतं.

माझं सगळ्यात लाडकं मात्र हॉलमधलं नाहीच. 1977 मध्ये ब्रोट्झमान आणि बेनिंक टेपरेकॉर्डर घेऊन ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात गेले आणि उघड्यावर वाजवलं. पक्षी ऐकू येतात, बेनिंक झाडं बडवतो, पाण्यात खेळतो, आणि ब्रोट्झमान, ज्याच्या सॅक्सोफोनने भिंती हलतात, तो क्लॅरिनेट घेऊन पाखरांशी बोलल्यासारखा वाजवतो. रात्री हेडफोन लावून ऐका.

एफएमपीचं बरंच काही आता बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर मिळतं, पुण्यात बसून विकत घेऊ शकता. एकदम 'मशीन गन'ला हात घालायचा नसेल तर इव्हन पार्कर आणि डेरेक बेलीची 1975 ची लंडनची कॉन्सर्ट ऐका, फक्त सॅक्सोफोन आणि गिटार, ड्रम्स नाहीत त्यामुळे कानाला एकेक आवाज सुटा मिळतो. आणि इकडे कधी आलात तर कळवा, 'ओर्ट'मध्ये त्या आठवड्यात काय आहे ते मी बघून ठेवते.