मिंटवर मराठी पत्रिका: नवा अंक छापून आला, जुने अंक अर्ध्या वाटेवर

मंडळी, वाचनालयाच्या त्रैमासिक पत्रिकेचं सगळं काम विंडोजवरून लिनक्स या खुल्या, फुकट प्रणालीवर आणायचा जो घाट घातलाय, त्याची ही पुढची नोंद. नव्या अंकाची मांडणी आता मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर होते आणि छपाईलाही तिथूनच जाते. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधले अंक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच वाचलं जाईल अशा रूपात, आणणं मात्र अजून चालू आहे, आणि खरी मजा तिथेच आहे.

मशीन जुनंच: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे हा धडधाकट लॅपटॉप त्यात बसत नाही. त्यावर लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई डेस्कटॉपसह टाकलंय; त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. इन्स्टॉलेशन, वायफाय, प्रिंटर यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लागलं आणि चाललं.

माझं मत स्पष्ट सांगतो. मराठीत काम करणारा माणूस लिनक्सवर टिकतो की नाही, हे वेगावर किंवा दिसण्यावर ठरत नाही. ‘ऱ्य’ नीट उमटतो का आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फाइली वाचता येतात का, यावर ठरतं. म्हणून माझा बहुतेक वेळ तिथेच गेलाय.

टायपिंगचा भाग आता मार्गी लागला. आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकलं की मराठीचे बरेच पर्याय मिळतात. इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक त्यात आहेच, पण इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या गमभनची सवय असलेल्यांसाठी गमभनही आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. मी इनस्क्रिप्टवर लिहितो. ‘दऱ्या’ मधल्या ऱ्यसाठी शिफ्ट-जे, मग डी, मग य. नुसत्या र ने लिहिलं तर ‘दर्या’ होतो, म्हणजे दरीखोरी जाऊन समुद्र येतो. कुठलाही नवा फॉन्ट तपासताना मी आधी हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून बघतो.

फॉन्टमध्ये आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. लोहित देवनागरी फॉन्ट घ्या, लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस संचाच्या रायटरमध्ये ‘शाल’ लिहा आणि त्या मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी करा. एकही अक्षर न बदलता श आणि ल यांची वळणं बदलतात, आपल्या पाठ्यपुस्तकांत होती तशी होतात. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. भाषेची खूण बघून त्यातलं योग्य ते निवडलं जातं. लोहित फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये खुले केले. कुणीतरी बसून मराठी ल वेगळा काढला, तो सगळ्यांना फुकट दिला, आणि आज तो माझ्या पत्रिकेत छापला जातो, याचं मला फार अप्रूप आहे.

आता जुन्या फाइली. लिब्रेऑफिस २०१५ च्या जानेवारीत आलेल्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली त्याच्या ड्रॉ या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडतं. आमचे बहुतेक अंक उघडले. चौकटी, रेघा, स्तंभ बऱ्यापैकी जागेवर येतात. मजकूर मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो, कारण तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेला आहे. त्या फॉन्टांत ‘क’ हा क म्हणून साठवलेलाच नसतो; एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की चित्र जातं आणि इंग्रजी अक्षर उरतं. यात लिनक्सचा काही दोष नाही. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हेच दिसेल.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणायला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहितोय. चित्राला अक्षर लावण्याचा तक्ता हे सोपं काम. क्रम लावणं अवघड, कारण जुना मजकूर डोळ्यांना दिसतो तसा साठवलेला असतो आणि युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने लागतो. ‘स्थिती’ मधली पहिली वेलांटी जुन्या फाइलीत स च्याही आधी येते. ती उचलून अख्ख्या ‘स्थ’ च्या पलीकडे ठेवावी लागते. रफाराचं उलट. ‘मर्त्य’ मध्ये रफार शेवटी, य नंतर येतो. तो ‘त्य’ हे पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावा लागतो. ‘वर्षांनी’ मध्ये त्याला कानाही ओलांडायचा असतो, आणि काही फॉन्टांत रफार-अनुस्वार मिळून एकच चित्र असतं, ते आधी सुटं करावं लागतं. वेलांटीचा नियम आता पक्का झालाय. रफार साध्या जोडाक्षरांवर बरोबर बसतो. कान्यासोबतचा रफार-अनुस्वार अजून हाताने दुरुस्त करतोय.

काही अंकांची मूळ फाइल उरलेलीच नाही, फक्त पीडीएफ आहे. वाचायला नीट, पण मजकूर कॉपी केला की तोच गुंता. तिथे पीडीएफची पानं चित्रं समजून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडे मराठीत वाचायला दिली. स्वच्छ छपाई असेल तर निकाल खूपच चांगला येतो. घ-ध आणि भ-म एवढे डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात. ज्यांच्याकडे जुने दिवाळी अंक किंवा स्मरणिका फक्त पीडीएफ रूपात पडून आहेत त्यांनी हे जरूर करून बघावं.

मांडणीसाठी स्क्रायबस हे पानं लावायचं खुलं सॉफ्टवेअर. पूर्वी त्यात देवनागरी जोडाक्षरं तुटायची, त्यामुळे अनेकांनी त्याचं नाव टाकून दिलंय. २०१७ च्या १.५.३ आवृत्तीत गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार आला आणि २०२४ च्या जानेवारीत १.६ ही स्थिर आवृत्ती. आता सलग मजकुरात जोडाक्षर तुटलेलं मला सापडलेलं नाही. पीडीएफ-एक्स, म्हणजे छपाईसाठीची पीडीएफ, काढून प्रेसला दिली, त्यांनी काही न विचारता प्लेट काढल्या. कमतरता शुद्धलेखन तपासणीची आहे. ‘घर’ चालतं, पण ‘घरासमोरच्या’ खाली लाल रेघ येते, कारण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं लागून होणारी रूपं शब्दयादीत पूर्ण नाहीत. हे काम आपल्यापैकी मराठी व्याकरण आवडणाऱ्या कुणीही हाती घ्यावं असं आहे.

केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळा लिनक्सवर आल्या त्याच काळात स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग या गटाची मंडळी मल्याळमचे फॉन्ट आणि टायपिंगची साधनं घडवत होती. आपल्याकडे माणसंही आहेत आणि साधनंही, जोडणी कमी पडते.

पुढच्या टप्प्यात रफार-अनुस्वाराचा नियम पूर्ण करून स्क्रिप्ट सर्वांसाठी खुली करणार आहे. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधला मजकूर आणि त्याच पानाची छापील प्रत दोन्ही असतील तर एखादा परिच्छेद पाठवा. ‘र्द्र’ आणि ‘र्त्स्य’ सारखी जोडाक्षरं असतील तर आधी तोच घेईन.