जेवता जेवता वामकुक्षी

टूर मॅनेजर म्हणून इटलीतलं पाँपेई, ते जुनं रोमन शहर, इतक्या वेळा दाखवलंय, की तिथली गाइड पुढचं वाक्य कुठलं बोलणार ते मला तोंडपाठ आहे. ती इंग्रजीत सांगते, मी मागोमाग मराठीत.

त्या दिवशी एका घराच्या बागेतल्या जेवणाच्या जागेशी थांबलो. तीन बाजूंना दगड-चुन्याचे बांधीव ओटे, मधे टेबलाची जागा, चौथी बाजू वाढप्यांसाठी मोकळी. हे ट्रिक्लिनियम, रोमन लोकांचं जेवणघर. एका ओट्यावर तिघं, म्हणजे नऊ जणांची पंगत. सवयीने मी पुढे निघालो, तर नाशिकचे काका तिथेच उकिडवे बसून एक डोळा मिटून बघतायत. सगळा जन्म फर्निचरच्या धंद्यात गेलेला माणूस.

"अहो, हा ओटा लेव्हलला नाही. मागे उतार आहे. गवंडी चुकला, की मुद्दाम?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. गाइड एकदम खुलली. उतार मुद्दामच! डोकं टेबलाकडे उंचावर, पाय मागे उताराला. ओट्यावर गाद्या, डाव्या कोपराखाली उशी, उजवा हात जेवायला मोकळा. जेवायचे काटे नव्हते. चमचा सोडला तर सगळं हातानेच.

"डाव्या कुशीवर?" मागून एक आजी म्हणाल्या. "मग ही वामकुक्षीच की! आपण जेवून करतो, हे जेवतानाच उरकायचे."

इतकी वर्षं मी आपला 'रेलून जेवत' म्हणत होतो.

मानाची जागा मधल्या ओट्यावरची शेवटची, कारण यजमान तिथून काटकोनात, लगतच्या ओट्यावर. बसमधल्या पुढच्या सीटवरून रोज भांडणाऱ्या दोघांनी हे फार मन लावून ऐकलं.

मग गाइडने पाँपेईतल्याच 'हाउस ऑफ द मॉरॅलिस्ट'बद्दल सांगितलं. तिथे जेवणघराच्या भिंतीवर नियमच रंगवलेत: पाय धुऊन, पुसून घ्या, आमच्या कापडांना जपा, दुसऱ्याच्या बायकोकडे बघू नका, भांडण टाळा, नाहीतर आपल्या घरी जा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाव गेलं, नियम राहिले.

रात्री हॉटेलवर काकांचा फोन. "जरा रिसेप्शनला सांगता का? चादर बदलून हवीय. पाकिटातली आमटी सांडली."

"कशी काय?"

"सपाट पलंगावर नाही जमत हो. उतार पाहिजेच."