फौंड्री विकली नव्हती, बँकेत अडकली होती

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, भागीदारी फर्म मोडून एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करायची, एवढंच काम होतं. वडील आणि काका तयार होते, सीएंनी कागद भराभर केले. या रूपांतराच्या सतरा नंबरच्या फॉर्मला एकच कागद कमी पडत होता, तो म्हणजे बँकेची संमती, एनओसी. तारण कर्ज असलं की ती लागतेच.

तो कागद आठवला की अजून डोकं फिरतं. शाखेत गेलं की "मॅडम, फाइल रिजनल ऑफिसला गेलीय." रिजनलला फोन लावला की "शाखेकडून क्वेरी क्लिअर व्हायचीय." क्वेरी काय आहे, ते दोघांपैकी कुणी सांगेना. त्यात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी मशिनरीचं व्हॅल्युएशन पुन्हा मागितलं.

व्हॅल्युअर आला, भट्टी, कॉम्प्रेसर, सँड मिक्सर, सगळ्यांचे नंबर प्लेटसकट फोटो काढून गेला. दुसरी शिफ्ट लागेपर्यंत मोल्डिंगवाल्यांच्या लेखी फौंड्री विकून झाली होती. घेणारा पुण्याचा, हेही ठरलं होतं! चांगले मोल्डर शेजारच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीची चौकशी करून आले.

काका म्हणाले, एनओसी हातात पडू दे, मग सांगू. मला पटेना. बँक आम्हाला जसं ताटकळत ठेवत होती, तसंच आम्ही कामगारांना ठेवायचं? नोटीस लावायचाही विचार निघाला, पण आमच्याकडे नोटीस वाचली जाते ती फक्त सुट्टीची.

चहाच्या वेळी फेटलिंगपाशी, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथे, उभी राहिले. मेल्टिंगच्या मामांनी थेट विचारलं, "ताई, खरं सांगा, इकली काय? माजी अठरा वर्सं बुडाली न्हवं?" चलानाच्या पाठीवर त्यांना ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडून दाखवला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200. भागिले 26 म्हणजे रोजचे 700. गुणिले 15 दिवस, गुणिले 18 वर्षं. 1,89,000 रुपये. एलएलपी कायदा, 2008 च्या दुसऱ्या परिशिष्टात नोकरीचे करार तसेच पुढे चालू राहतात, हेही वाचून दाखवलं. मामांनी चलान घडी करून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी बाकीचे आपापली कामाला लागल्याची तारीख घेऊन हजर.

तिथून पुढे दर आठवड्याला सांगत गेले, सांगण्यासारखं काही नसलं तरी. "बँकेनं अजून दिलेली नाही" हे ऐकून कामगारही बँकेला शिव्या घालायला लागले. पुण्याचा मालक आपोआप गायब झाला.

एनओसी आल्यावर सगळं सरळ झालं. नवा पॅन, नवा जीएसटी नंबर आणि जुन्या नंबरावरचं टॅक्स क्रेडिट हलवायला आयटीसी-02 हा फॉर्म. पीएफबद्दल कामगार विचारतीलच. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, हे आधीच सांगून टाका.

ग्राहक कंपन्यांच्या परचेस विभागाला मात्र एनओसीची वाट न बघता कळवा. त्यांच्याकडे नवा व्हेंडर कोड उघडायलाही वेळ जातो आणि तोवर बिलं लटकतात. लेटरहेडचे गठ्ठे छापू नका, कारण पहिले 12 महिने पत्रांवर जुन्या फर्मचं नाव आणि नोंदणी क्रमांक घालावा लागतो.

आणि बँकेचं पत्र हातात आलं की काउंटरवरच वाचा. आमच्या पहिल्या पत्रात 'फाउंड्री'चं 'फाउंडेशन' झालं होतं. ते दुरुस्त व्हायला फाइल पुन्हा रिजनलला गेली.