सोलापुरात गाडीतलं घर: काय कामाला आलं, काय कोपऱ्यात पडलं

पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी आहे, बराचसा सरळ आणि सपाट. घर बांधलेली जड गाडी पहिल्यांदा लांब न्यायची असेल तर याच्याइतका सोपा रस्ता नाही. फक्त अडीचशे किलोमीटरचं हे अंतर दिवसाउजेडी संपवा. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो आणि इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात मागे साधा लाल दिवाही न लावता चाललेले असतात. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी निघालो, भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी पाहिले आणि ऊन उतरायच्या आत विजापूर रोडला बायकोच्या मावशीच्या प्लॉटवर गाडी लावली. तिथून आसपासची ठिकाणं करत एप्रिलपर्यंत सोलापूर हाच आमचा पत्ता होता.

भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं आता गाडीतच राहतो. गाडी ट्रॅव्हलर या मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली. अशी गाडी हातात आली की पहिल्या महिन्यात खरेदीचा झटका येतो, आणि यादी बहुतेकांनी अमेरिकन व्हिडिओ बघून उतरवलेली असते: विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर, नळाच्या पाण्याचा दाब कमी करणारा प्रेशर रेग्युलेटर, सांडपाण्याचा लांबलचक होज. त्या यादीत चूक काही नाही. तिकडच्या कॅम्पग्राउंडवर जागोजागी 30 किंवा 50 अँपिअरचा विजेचा खांब असतो, दाबानं येणारं नळाचं पाणी असतं, मैला सोडायला जमिनीत तोंड असतं. आपल्याकडे ढाब्याचा मालक भट्टीमागचा जो प्लग दाखवील तोच खांब. म्हणून यादी इथल्या पाण्यावरून, उन्हावरून आणि मातीवरून करावी, आणि सोलापुरात ही तिन्ही एकदमच परीक्षा घेतात.

आधी पाणी. सोलापूरला उजनीचं पाणी येतं, पण मावशीच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड, आणि वेळ नळाच्या मर्जीवर. रात्री दीडला गाडीच्या काचेवर टकटक झाली. "जावईबापू, उठा, पाणी आलंय. नंतर म्हणाल मावशीनं सांगितलं नाही." बाहेर सगळी गल्ली जागी. घराघरातून मोटारी घुरघुरत होत्या, ओट्यावर घागरी, पिंप, रंगाचे रिकामे डबे मांडलेले, आणि नळाला धार म्हणावी तर करंगळीएवढी, कारण प्रत्येक मोटार आपल्याकडे ओढत होती. अशा ठिकाणी प्रेशर रेग्युलेटर लावून दाब कमी कसला करणार? इथं उपयोगाला येतो तो बारा व्होल्टवर चालणारा, पाण्यात सोडायचा छोटा पंप. पाणी आधी हौदात पडू द्यायचं, मग सवडीनं हौदातून गाडीच्या टाकीत चढवायचं. सोबत पंधरा मीटर फूड-ग्रेड पाइप ठेवा. बागेचा हिरवा पाइप उन्हात तापला की पाण्याला प्लॅस्टिकचा वास मारतो. नळांची तोंडं दर गावाला वेगळी असतात, तेव्हा कुठल्याही नळावर बसणारा रबरी कनेक्टर आणि दोन क्लिपा पाइपाच्या पिशवीतच असू द्या. सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या आणि टाकीच्या आधी पाच मायक्रॉनचा फिल्टर लावा.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, दोन-तीनशे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर मात्र पहिल्या दिवशीच घ्या. शेजारच्या बोअरचं पाणी आम्ही मोजलं तर आकडा अकराशेच्या वर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार ठीक, आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ते पाणी विष नाही, पण पंपाच्या झडपांवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवायला पुरेसं आहे. आम्ही बोअरचं पाणी अंघोळीला आणि कूलरला ठेवलं, नळाचं स्वयंपाकाला. मीटर क्षार सांगतो, जंतू नाही, त्यामुळे प्यायचं पाणी उकळून किंवा यूव्ही फिल्टरमधूनच घ्या.

टॉयलेटचं थोडक्यात सांगतो. गाडीतल्या टॉयलेटखालची, बाहेर ओढून काढायची टाकी म्हणजे कॅसेट. ती वीसेक लिटरची असते आणि दोन माणसांत ती लवकर भरते. ती फक्त संडासातच रिकामी करायची. ओढ्यात, शेतात किंवा पावसाच्या गटारात नाही. फॉर्मल्डिहाइडवालं रसायन घेऊ नका, कारण ज्यांच्या घरी आपण रिकामी करतो त्यांच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू त्यानं मरतात. एन्झाइमचं द्रव मिळतं, ते वापरा. पाहुणा म्हणून एवढं तरी पाळायलाच हवं.

मार्च उलटला आणि ऊन सुरू झालं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातं, आणि पत्र्याची गाडी म्हणजे बंद तंदूरच. नवीन मालकाचा पहिला प्रश्न असतो की छतावर एसी बसवू का? जरा हिशेब करा. 12.8 व्होल्टच्या 200 अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत अडीच युनिट वीज मावते. छतावरचा छोटा एसी तासाला सुमारे एक युनिट खातो. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी अडीच तासांत खेळ आटोपला, आणि झोपेची वेळ तर अजून व्हायची असते. छतावरची 400 वॉटची सौर पॅनेलं इथल्या स्वच्छ उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतात. तापलेलं पॅनेल वीज उलट कमीच देतं, हेही धरा. एसी हवाच असेल तर तो भिंतीतल्या विजेवर चालवायचा, बॅटरीवर नाही.

बारा व्होल्टचा कूलर साठेक वॉट घेतो, रात्रभरात अर्ध्या युनिटात भागतं. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून इथं कूलर झकास चालतो. हाच कूलर रत्नागिरीत नेलात तर नुसता दमटपणा वाढेल. पण त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे समोरच्या बाजूची खिडकी किंवा छताचा एक्झॉस्ट उघडा, नाहीतर आतली ओल आतच फिरत राहते. दुसरी म्हणजे पाणी, आणि तेच तर चार दिवसांनी येणार. त्यामुळे आम्ही कूलर दुपारी लावायचोच नाही. दिवसभर काचांना आतून चंदेरी परावर्तक पडदे, उन्हाच्या बाजूला ताडपत्रीचा मांडव, गाडीचं नाक उत्तरेला, आणि आम्ही दोघं मावशीच्या ओसरीवर. मांडव गाडीच्या अंगाला चिकटवू नका, वीतभर फट ठेवा, म्हणजे मधून वारा खेळतो. गाडीला बसवायच्या महागड्या गुंडाळत्या छपरापेक्षा, म्हणजे ऑनिंगपेक्षा, ताडपत्री, चार बांबू आणि दोऱ्या बऱ्या. चैत्रातली वावटळ उठली की ऑनिंगच्या दांड्या वाकतात, ताडपत्री फार तर फाटते.

बॅटरी सीटखाली बंद खणात ठेवली असेल तर त्या खणाला जाळी पाडून छोटा पंखा लावा. लिथियमला थंडीपेक्षा आपल्याकडची गरमी जास्त जाचते. आणि नवीन बीएस-6 गाड्यांचा अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करतो, तेव्हा अल्टरनेटर आणि घराच्या बॅटरीच्या मध्ये व्होल्टेज नीट करून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. नुसत्या रिलेनं बॅटरी अर्धवटच भरते.

भिंतीतल्या विजेसाठी तीन वस्तू सांगतो, या मी कुणालाही पहिल्या दिवशीच घ्यायला लावतो. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची, 16 अँपिअरची एक्स्टेन्शन केबल. मोहोळच्या अलीकडे एका ढाब्यावर टेस्टर लावला तर अर्थिंगचा दिवा लागलाच नाही, आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज 175. मालक म्हणाले, "काही होत नाही ओ, मिक्सर चालतंय की त्याच्यावर." मिक्सर चालतो, पण पत्र्याच्या गाडीला अर्थिंग नसलेली वीज जोडायची म्हणजे एखादी तार घासली की अख्खी गाडी जिवंत. तिथं आम्ही प्लग न लावता जेवलो आणि पुढे निघालो. छोट्या प्लगला मोठा जोडायचा कन्व्हर्टर गाडीत ठेवूच नका. तो वितळतो, आणि वितळतो तो नेमका आपण झोपल्यावर.

आता माती. होटगीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतात मुक्कामाला गेलो, तर बांधावरचा म्हातारा लांबूनच ओरडला, "ओ, तिकडं नका लावू, ती काळी हाय. हिकडं मुरमावर घ्या." रात्री वळवाच्या चार सरी आल्या आणि सकाळी त्याच काळ्या रानात मोटारसायकलचं चाक चिखलानं गच्च होऊन फिरेना. तीन-साडेतीन टनांची गाडी तिथं रुतली असती तर ट्रॅक्टर आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रुतलेल्या चाकाखाली घालायची ट्रॅक्शन मॅट घ्या, हरकत नाही, पण त्याआधी गोणपाटाची चार पोती, फावडं आणि गाडीच्या वजनाला पेलणारी दोरी घ्या. जॅकखाली ठेवायला जाड फळी लागतेच. चाकांना लावायचे ठोकळे आणि गाडी समपातळीत आणायच्या पायऱ्या सुताराकडून बाभळीच्या करून घेतल्या, विकतच्या प्लॅस्टिकच्या उन्हानं तडकतात.

वजनाचा विषय निघालाच आहे तर सोलापूरचा एक फायदा सांगतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात वजनकाटे पावलोपावली आहेत. सामान भरून, टाकी भरून, आपण आत बसून गाडी काट्यावर घाला आणि पावतीवरचा आकडा आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनाशी ताडून बघा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे लक्षात असूनही विसरलं जातं. जमलं तर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा मोजा. टायरची हवा मग त्या हिशेबानं ठरवायची आणि सकाळी टायर गार असताना भरायची. टायरप्रेशर दाखवणारं यंत्र आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर या दोन्हींचे पैसे उन्हाळ्यात वसूल होतात.

गॅसला घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत नको. पाच किलोचा, ओळखपत्रावर मिळणारा घ्या आणि बाहेरून उघडणाऱ्या, खाली भोक असलेल्या खणात उभा बांधा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळली की जमिनीलगत साचते, म्हणून तिचा अलार्म पायाजवळ हवा. कार्बन मोनॉक्साइडचा मात्र झोपायच्या उंचीला. पावडरचं अग्निशामक दाराशी ठेवा, स्वयंपाकाच्या ओट्यामागे नाही. आग लागली तर ओट्यापर्यंत हात पोचणार नाही.

सोलापुरातूनच घ्यायच्या गोष्टी वेगळ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल थेट कारखान्यालगतच्या दुकानात मिळतात. पातळ घ्या, जाडजूड टॉवेल गाडीत वाळत नाही. चादरीबद्दल सोलापूरला कुणी शिकवू नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कितीही घ्या. फ्रीज न लागणारं, आठवडेच्या आठवडे टिकणारं याच्याइतकं चविष्ट जेवण मला तरी माहीत नाही.

फिरायला म्हणाल तर गाडीसह हत्तरसंग कुडल सगळ्यात सोयीचं. भीमा-सीनेचा संगम, हरिहरेश्वराचं देऊळ, आणि शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक शिलालेख. नदीकाठी उतरू नका, देवळाजवळच्या पक्क्या जागेवरच लावा. माचणूरलाही भीमेकाठचं सिद्धेश्वर मंदिर आणि औरंगजेबाच्या काळातला किल्ला शेजारी शेजारी आहेत. नळदुर्ग किल्ल्याच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल पावसाळ्यानंतर बघा, उन्हाळ्यात तिथं नुसता दगड तापतो. तुळजापूर आणि अक्कलकोट दोन्ही पाऊण-एक तासावर, पण मंगळवार-शुक्रवार तुळजापूर आणि गुरुवारी अक्कलकोट टाळा, मोठी गाडी वळवायलाही जागा मिळत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा होम मैदानाच्या आसपास गाडी नेऊच नका, गावाबाहेर लावून रिक्षानं जा. आणि छतावरच्या पॅनेलसकट गाडीची उंची मोजून स्टिअरिंगसमोर मोठ्या आकड्यात चिकटवा. गावांच्या वेशी आणि रेल्वेखालचे बोगदे यांच्या उंचीच्या पाट्या बऱ्याचदा नसतात, असल्या तर मिटलेल्या असतात. शंका आली की एकानं खाली उतरायचं, दुसऱ्यानं हळू घ्यायची.